अमेरिकेतलं संरक्षण कंत्राट: कंपनीची मंजुरी, माणसाची चौकशी आणि त्यानंतरची देखरेख

अमेरिकेत संरक्षण खात्याचं गोपनीय काम करायचं तर दोन मंजुऱ्या लागतात. एक कंपनीला, आणि दुसरी त्या कामावर बसणाऱ्या प्रत्येक माणसाला. कंपनीच्या मंजुरीला फॅसिलिटी क्लिअरन्स म्हणतात, माणसाच्या मंजुरीला पर्सोनेल क्लिअरन्स. एक आहे म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही आणि दोन्ही मिळाल्यावर त्या राखाव्या लागतात. अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक मराठी इंजिनिअर या कंपन्यांमध्ये आहेत, काहींनी स्वतःच्या छोट्या कंपन्या काढल्या आहेत. त्यांच्यासाठी ही सगळी वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो.

दोन्ही मंजुऱ्यांची मुख्य यंत्रणा म्हणजे डिफेन्स काउंटरइंटेलिजन्स अँड सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे डीसीएसए. मुख्यालय व्हर्जिनियात क्वांटिकोला. कंत्राटदार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी डिफेन्स सिक्युरिटी सर्व्हिस २०१९च्या जूनमध्ये या नव्या नावाने उभी राहिली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला माणसांची पार्श्वभूमी तपासणारा विभागही तिच्यात आला. तो विभाग त्याआधी ओपीएम या कार्मिक कार्यालयाकडे होता. २०१५ साली याच ओपीएमच्या संगणकांतून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांच्या चौकशीची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं होतं.

नियमांचा पाया १९९३च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात आहे, क्रमांक १२८२९. त्यातून राष्ट्रीय औद्योगिक सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. कंपनीने काय करायचं याची नियमावली 'निस्पॉम' नावाने ओळखली जाते. ती आधी संरक्षण खात्याची पुस्तिका होती, फेब्रुवारी २०२१ पासून रीतसर संघीय नियम झाली: शीर्षक ३२, भाग ११७. कंपनीतल्या एका तरी माणसाने हा भाग मुळातून वाचलेला असावा. सल्लागाराच्या सारांशावर विसंबू नका.

एवढी कडक तपासणी कशासाठी

१६ सप्टेंबर २०१३ रोजी वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डमध्ये एका कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याने गोळीबार केला, त्यात १२ जण मारले गेले. त्या माणसाकडे २००८ साली मिळालेलं सीक्रेट पातळीचं, म्हणजे टॉप सीक्रेटच्या खालच्या पातळीचं, क्लिअरन्स होतं. २००४ मध्ये सिएटलमध्ये त्याने रागाच्या भरात एका गाडीच्या टायरांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि त्याला अटकही झाली होती. नौदलाकडे गेलेल्या चौकशी अहवालात मात्र टायरांतली हवा काढल्याचा उल्लेख होता, बंदुकीचा नव्हता. पुढे गोळीबाराच्या आधीच्या काही आठवड्यांत तो विचित्र वागत असल्याचं त्याच्या कंपनीतल्या लोकांना कळलं होतं. ते सरकारपर्यंत पोचलं नाही.

आजची बरीचशी व्यवस्था या दोन त्रुटींवरचा उपाय आहे. चौकशी एकदाच करून दहा वर्षं गप्प बसायचं नाही, आणि कंपनीला जे कळलं ते कंपनीतच राहू द्यायचं नाही. खालच्या प्रत्येक पायरीवर हेच तत्त्व दिसेल: तुम्ही होऊन सांगितलेली गोष्ट तोलली जाते, लपवलेली सापडली की ती मूळ गोष्टीपेक्षा जड जाते.

पहिली पायरी: पुरस्कर्ता

कंपनीला स्वतःहून अर्ज करता येत नाही. गोपनीय काम देणारं सरकारी कार्यालय किंवा आधीच मंजुरी असलेली मोठी कंत्राटदार कंपनी यांनी तुमचं नाव पुढे करावं लागतं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. 'आधी क्लिअरन्स मिळवू, मग काम शोधू' हा मार्गच नाही. माणसाचंही तसंच. 'पैसे भरा, क्लिअरन्स मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. सरकार या मंजुरीसाठी कंपनीकडून किंवा उमेदवाराकडून शुल्क घेत नाही. खर्च होतो तो कंपनीच्या स्वतःच्या तयारीवर: माणसं, तिजोऱ्या, संगणक, प्रशिक्षण.

छोट्या कंपनीसाठी सोपी वाट म्हणजे आधी गोपनीय नसलेलं उपकंत्राट घेणं, काम चोख करून दाखवणं, आणि मग मोठ्या कंपनीलाच तुम्ही गोपनीय भागात हवेसे वाटणं. स्पॉन्सर विनंती करतो तेव्हा गोपनीय माहिती खरोखर का लागणार याचं कारण द्यावं लागतं. डीडी २५४ हा फॉर्म इथे महत्त्वाचा: कंत्राटात कोणत्या पातळीची माहिती, ती कुठे हाताळायची, तुमच्या जागेत ठेवायची की ग्राहकाच्या जागेत, हे सगळं त्यात असतं. सही करण्याआधी तो ओळ न ओळ वाचा. गोपनीय कागद स्वतःच्या इमारतीत ठेवायची अट आली की खर्च आणि जबाबदारी दोन्ही कितीतरी वाढतात. काम ग्राहकाच्या जागेत होण्यासारखं असेल तर ही अट घालायची गरजच काय, हे बोलणीतच विचारा.

दुसरी पायरी: कंपनीची कागदपत्रं

कंपनी अमेरिकेच्या कायद्याखाली स्थापन झालेली, अमेरिकेत किंवा तिच्या प्रदेशांत असलेली आणि सरकारी कंत्राटांतून बाद न ठरलेली असावी लागते. सॅम या सरकारी नोंदणीत नाव आणि केज कोड, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक, आधीच करून ठेवा. भागधारकांच्या नोंदी, उपविधी, संचालक मंडळाचे ठराव नीट फाइल करा. धडधाकट कंपन्यांचे महिने इथेच जातात, कारण कुणाकडे किती मालकी हे कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असतं.

त्यानंतर डीडी ४४१ हा सुरक्षा करार. कंपनी नियम पाळेल आणि सरकारला तपासणी करू देईल, असं त्यात कबूल केलेलं असतं.

मग प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्ती ठरवायच्या. वरिष्ठ व्यवस्थापन अधिकारी, फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर म्हणजे एफएसओ, आणि आतल्या माणसांकडून होणारा धोका रोखण्याचा कार्यक्रम पाहणारा वरिष्ठ अधिकारी. या तिघांना कंपनीच्या पातळीइतकंच वैयक्तिक क्लिअरन्स लागतं. शेवटची दोन पदं एकच माणूस सांभाळू शकतो, आणि छोट्या कंपनीत बहुधा तसंच होतं. ज्या संचालकांना गोपनीय माहितीची गरज नाही त्यांना ठराव करून बाहेर ठेवता येतं. एफएसओ अमेरिकन नागरिक आणि कंपनीचाच कर्मचारी हवा, आणि नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याचं ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण व्हायला हवं. ते प्रशिक्षण सीडीएसई या सरकारी केंद्राकडून मोफत मिळतं. एफएसओ म्हणून रिकामा बसलेला माणूस नेमू नका. मालकाला तोंडावर 'हे कळवावंच लागेल' म्हणू शकेल असा माणूस निवडा.

परदेशी हात: एसएफ ३२८

कंपनीच्या बाबतीत सगळ्यात जास्त अडचणी इथे येतात. एसएफ ३२८ मध्ये कंपनीवर परदेशी मालकी, ताबा किंवा प्रभाव आहे का हे विचारतात. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव 'फोकी'. प्रश्न दिसायला सोपे असतात. परदेशी व्यक्तीकडे पाच टक्के किंवा अधिक मालकी आहे का? संचालक मंडळावर किंवा अधिकारपदावर अमेरिकन नागरिक नसलेलं कुणी आहे का? परदेशी व्यक्तींशी करार, परदेशी कर्ज, परदेशातून येणारं उत्पन्न?

एक कल्पित कंपनी घ्या. संस्थापक मराठी, आता अमेरिकन नागरिक. सुरुवातीचे पैसे पुण्यातल्या काकांनी घातले, त्यांच्या नावावर आठ टक्के हिस्सा. सॉफ्टवेअर चाचणीचं काम पुण्यातल्या छोट्या कंपनीकडे, तिचा संचालक संस्थापकाचा भाऊ. संस्थापकाला वाटतं, घरचीच माणसं आहेत, यात परदेशी ते काय? फॉर्मच्या भाषेत काका परदेशी भागधारक आहेत, भावाची कंपनी परदेशी संस्था आहे आणि दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'होय' आहे.

'होय' लिहिल्याने अर्ज फेटाळला जात नाही. त्यावर उपाय ठरतो. प्रभाव किरकोळ असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, त्यात परदेशी भागधारकाला गोपनीय माहितीपासून लांब ठेवल्याचं कबूल केलेलं असतं. वाटा मोठा असेल तर सिक्युरिटी कंट्रोल ॲग्रीमेंट. ताबाच परदेशी असेल तर स्पेशल सिक्युरिटी ॲग्रीमेंट, किंवा त्याहून कडक प्रॉक्सी ॲग्रीमेंट आणि व्होटिंग ट्रस्ट. या शेवटच्या दोन प्रकारांत परदेशी मालकाचा मतदानाचा हक्क सरकारने मान्य केलेल्या अमेरिकन नागरिकांच्या हाती जातो. मंजुरीनंतर परिस्थिती बदलली तर तीही कळवायची: मालकी, पत्ता, प्रमुख व्यक्ती, काहीही. परदेशी कंपनीशी विक्रीची गंभीर बोलणी सुरू झाली की तेव्हाच कळवायचं, सौदा होईपर्यंत थांबायचं नाही.

तिसरी पायरी: माणसाचा अर्ज, एसएफ ८६

आधी पात्रता. क्लिअरन्स अमेरिकन नागरिकालाच मिळतं. ग्रीन कार्ड चालत नाही. अगदी दुर्मीळ कौशल्यासाठी बिगर-नागरिकाला मर्यादित प्रवेशाची परवानगी असते, पण तीही फार तर सीक्रेट पातळीपर्यंत, आणि तिला क्लिअरन्स म्हणत नाहीत.

एसएफ ८६ शंभराहून अधिक पानांचा फॉर्म आहे. तो ई-ॲप नावाच्या प्रणालीत ऑनलाइन भरतात. बसण्याआधी एका वहीत हे जमवा: गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, मध्ये एकही खंड न ठेवता, दहा वर्षांच्या नोकऱ्या, बेकारीचे काळही धरून, सात वर्षांतले परदेश प्रवास, आणि तुम्हाला चांगलं ओळखणारी तीन माणसं. गेल्या तीन वर्षांतल्या पत्त्यांसाठी तिथे तुम्हाला ओळखणारं कुणीतरी द्यावं लागतं. शेजाऱ्याचं नाव आठवत नसेल तर आत्ताच विचारून ठेवा.

आपल्या लोकांची दांडी उडते ती कलम १८, १९ आणि २० मध्ये. कलम १८ मध्ये नातेवाईक: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं, सासू, सासरे. आत्या, मामा, चुलतभाऊ, मेव्हणा या यादीत नाहीत, म्हणून लोक त्यांना सोडून देतात. पण कलम १९ विचारतं की गेल्या सात वर्षांत कुठल्या परदेशी नागरिकाशी जवळचा किंवा सततचा संपर्क आहे का, ज्याच्याशी आपुलकी, प्रभाव, समान हित किंवा बांधिलकीचं नातं आहे. दर रविवारी ज्या मामाला फोन जातो तो मामा इथे लिहायचा. ज्या चुलतभावाची फक्त दिवाळीची शुभेच्छा कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, त्याच्याशी तसा संपर्क म्हणता येणार नाही. मधल्या लोकांबद्दल शंका असेल तर लिहून टाका. जास्त नावांनी चौकशी थोडी लांबते, गाळलेल्या नावाने विश्वास जातो.

कलम २० मधल्या आर्थिक प्रश्नांत 'कधीही' हा शब्द आहे. परदेशात बँक खातं, शेअर, जमीन, फ्लॅट कधीही होता का? तुमच्या जोडीदाराचा? वडिलोपार्जित घरात पुढे वाटा मिळणार असेल तर? परदेशी नागरिकाला कधीही आर्थिक आधार दिला का? आईवडिलांना दरमहा पाठवलेले पैसे इथे येतात. यात लाजण्यासारखं काही नाही, चौकशी अधिकाऱ्यांनी हे हजारदा वाचलेलं असतं. ओसीआय कार्ड भारतीय कायद्याने नागरिकत्व ठरत नाही, तरी त्याचा उल्लेख शेऱ्यात स्पष्ट करा.

याच ओघात एफबार तपासा. परदेशी खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरांच्या वर गेली असेल तर अमेरिकन सरकारला दरवर्षी तसा अहवाल द्यावा लागतो. एनआरई, एनआरओ, आईबरोबरचं जोडखातं, मुदतठेवी, सगळं मोजायचं. कलम २० मध्ये खातं दाखवलं आणि एफबार कधी भरलाच नाही, ही विसंगती चौकशीत उघडी पडते. राहून गेलं असेल तर अर्जाआधी करसल्लागाराकडून रीतसर दुरुस्त करून घ्या.

गांजाबद्दल: राज्याने परवानगी दिली असली तरी संघीय कायद्यात तो बेकायदाच आहे, आणि चालू वापर असेल तर क्लिअरन्स मिळत नाही. पूर्वी केलेला वापर विचारात घेतात, पण तेवढ्यावरच निकाल ठरत नाही. समुपदेशनाबद्दल: केवळ मानसिक आरोग्यासाठी मदत घेतली म्हणून प्रतिकूल अर्थ काढायचा नाही, असं निकषांतच लिहिलेलं आहे. ही भीती मनातून काढून टाका आणि गरज असेल तेव्हा मदत घ्या.

फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

चौकशी आणि निवाडा

सीक्रेटसाठी चौकशी मुख्यतः नोंदींवर चालते. टॉप सीक्रेटसाठी अधिकारी तुम्हाला समक्ष भेटतो, शेजारी आणि सहकाऱ्यांशी बोलतो. मुलाखतीत तो फॉर्ममधलंच पुन्हा विचारेल. उत्तर बदलायचं असेल तर आधी स्वतःहून सांगा: 'हे मी लिहायचं राहिलं.' त्याने पुरावा पुढे ठेवल्यावर आठवलेल्या गोष्टीला तेवढं मोल राहत नाही. दरम्यान प्राथमिक नोंदी स्वच्छ असतील तर तात्पुरतं क्लिअरन्स मिळू शकतं, पण तो हक्क नाही.

निवाडा १३ निकषांवर होतो. ते २०१७ पासून सगळ्या खात्यांना सारखे आहेत: निष्ठा, परदेशी प्रभाव, पैशाचे व्यवहार, दारू, अमली पदार्थ, गुन्हे, संगणकाचा वापर वगैरे. प्रत्येक निकषात काळजीच्या बाबी आणि ती काळजी कमी करणाऱ्या बाबी शेजारी शेजारी दिलेल्या आहेत. दुसरी यादी आधी वाचा. अडणाऱ्या प्रकरणांत पैशाची प्रकरणं नेहमी पुढे असतात, आणि तिथे निकष काय म्हणतात? नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, अशा आवाक्याबाहेरच्या कारणाने कर्ज थकलं आणि माणूस जबाबदारीने वागला, तर ते त्याच्या बाजूने धरतात. म्हणून सावकारांशी झालेला पत्रव्यवहार, हप्त्यांच्या पावत्या, करभरणा हे जपून ठेवा. 'फेडणार आहे' या वाक्यापेक्षा सहा महिन्यांच्या पावत्या कितीतरी बोलक्या असतात.

नकार द्यायचा विचार असेल तर कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याला कारणांचं निवेदन येतं. उत्तराला २० दिवस. त्यात प्रत्येक आरोप मान्य की अमान्य हे लिहायचं आणि प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी हवी का तेही कळवायचं. ही प्रकरणं संरक्षण खात्याच्या सुनावणी आणि अपील कार्यालयात, म्हणजे डोहात, चालतात. वकील स्वखर्चाने आणता येतो. माझा सल्ला: सुनावणी मागा. केवळ कागदांवर निर्णय झाला तर न्यायाधीशाला तुम्ही दिसतच नाही, आणि तुमच्या खरेपणाचा अंदाज घ्यायला त्याच्याकडे काही राहत नाही. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची सूचना १५ दिवसांत. डोहाचे निकाल नावं गाळून संकेतस्थळावर ठेवलेले असतात. परदेशी प्रभाव किंवा कर्ज यांवरचे पाचदहा निकाल वाचले की न्यायाधीश काय बघतात ते नेमकं कळतं.

१९८८च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की क्लिअरन्सवर कुणाचा हक्क नसतो. शंका उरली तर ती देशाच्या बाजूने सोडवतात.

मंजुरीनंतर

कामावर बसण्याआधी सुरक्षा माहितीचं सत्र आणि एसएफ ३१२ या गोपनीयता करारावर सही. मग दरवर्षी उजळणी.

पूर्वी टॉप सीक्रेटची फेरतपासणी पाच वर्षांनी आणि सीक्रेटची दहा वर्षांनी होत असे. आता सतत तपासणी चालते. २०२१ पर्यंत संरक्षण खात्याच्या सगळ्या क्लिअरन्सधारकांची नावं त्यात घातली गेली. अटक, पतनोंदी, संशयास्पद आर्थिक व्यवहार, परदेश प्रवास यांच्या नोंदी यंत्रणेला आपोआप मिळतात. त्यामुळे रात्री दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, तर सोमवारी एफएसओला सांगावं की नाही हा प्रश्नच नाही. यंत्रणेला ते कळणारच आहे. प्रश्न एवढाच की तुमच्याकडून आधी कळलं का.

कळवायच्या गोष्टी: खासगी परदेश प्रवास, जाण्याआधी, परदेशी नागरिकाशी जुळलेलं जवळचं नातं, लग्न किंवा एकत्र राहणं, अटक, दिवाळखोरी, १२० दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज, वारसा किंवा बक्षीस म्हणून आलेली दहा हजार डॉलर किंवा अधिकची रक्कम, परदेशात खातं उघडणं किंवा मालमत्ता घेणं. काही बाबी क्लिअरन्सच्या पातळीप्रमाणे बदलतात, ती यादी एफएसओकडून लेखी घ्या. आई आजारी पडली आणि रात्रीतून विमान पकडावं लागलं, तर निघतानाच एफएसओला दोन ओळींचा निरोप टाका, तपशील परतल्यावर भरा.

कर्मचाऱ्याबद्दल काळजीची बाब दिसली तर कंपनीलाही ती डीसीएसएला कळवावी लागते. अफवा आणि कुजबुज नको, पाहिलेली किंवा नोंद असलेली गोष्ट हवी. त्रास देण्यासाठी कुणाचं नाव पुढे करणारा एफएसओ पदाला नालायक, आणि मैत्रीखातर गप्प बसणाराही तितकाच.

डीसीएसएचा औद्योगिक सुरक्षा प्रतिनिधी ठरावीक काळाने कंपनीचा आढावा घेतो. शेरे पाच: सुपीरियर, कमेंडेबल, सॅटिस्फॅक्टरी, मार्जिनल, अनसॅटिस्फॅक्टरी. त्याआधी कंपनीने दरवर्षी स्वतःची तपासणी करायची आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने ती झाल्याचं लेखी द्यायचं. प्रतिनिधी कागद बघतोच, पण साध्या कर्मचाऱ्यालाही विचारतो: 'संशयास्पद ईमेल आला तर कुणाला सांगाल?' तिथे चाचरणारं उत्तर आलं की झकास फाइली फारशा कामाला येत नाहीत. म्हणून स्वतःच्या तपासणीत फाइली सोडून माणसांशी बोला. चूक सापडली तर दुरुस्तीची तारीख आणि नाव लिहून ठेवा. स्वतः शोधून सुधारलेली चूक आढाव्यात तुमच्याच बाजूने बोलते.

एक घोळ टाळा. गोपनीय नसलेली पण संवेदनशील सरकारी माहिती, जिला सीयूआय म्हणतात, तिच्यासाठी वेगळी वाट आहे. तिथे एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या ८००-१७१ या दस्तऐवजातल्या ११० आवश्यकता आणि सीएमएमसी हे संरक्षण खात्याचं सायबरसुरक्षेचं प्रमाणन लागू होतं. फॅसिलिटी क्लिअरन्स मिळालं म्हणून ते काम झालं असं होत नाही.

नोकरी सोडताना

एफएसओ शेवटचं सत्र घेतो, गोपनीय साहित्य परत घेतो आणि तुमचा प्रवेश प्रणालीतून बंद करतो. क्लिअरन्स तुमच्याबरोबर घरी येत नाही, पण पात्रतेची नोंद राहते. दोन वर्षांच्या आत दुसऱ्या मंजुरीधारक कंपनीत रुजू झालात तर बहुधा नव्याने पूर्ण चौकशी होत नाही. बाहेर असतानाचे प्रवास, नवी खाती, नवी नाती यांची टिपणं मात्र चालू ठेवा, नव्या एफएसओला पहिल्याच आठवड्यात ती लागतील. एसएफ ३१२ मधली गोपनीयतेची बांधिलकी नोकरीबरोबर संपत नाही. बायोडेटात प्रकल्पाबद्दल काय लिहिता येईल, हे जुन्या कंपनीच्या एफएसओकडून निघण्याआधीच तपासून घ्या.